बाळाचं नाव ठरलं, पण स्पेलिंग कोणतं? दाखल्यावर नाव चढण्याआधी हे समजून घ्या

ऋषिकेश लिहायचं की हृषीकेश? आरव एका 'ए'ने सुरू करायचा की दोन 'ए'ने? आयेशा, आएशा की आयशा? नाव कोणतं ठेवायचं यावर घरात महिनाभर चर्चा होते. ते लिहायचं कसं, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा फॉर्म भरताना, खिडकीपलीकडच्या माणसाने विचारल्यावर समोर येतो. मग मिनिटभरात जे सुचेल ते लिहिलं जातं आणि पुढची अनेक वर्षं तेच प्रत्येक कागदावर उमटत राहतं.

आता हा निर्णय पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचा झाला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून देशात जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू आहे. त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, आधार, पासपोर्ट या सगळ्यांत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणजे जन्माचा दाखला. थोडक्यात, या मुलांच्या आयुष्यातला पहिला कागदच सगळ्यात मोठा कागद आहे. त्यावर जे स्पेलिंग चढेल, तेच पुढे जाणार.

(सोयीसाठी या लेखात इंग्रजी अक्षरं त्यांच्या नावानेच लिहिली आहेत: एस, एच, आर वगैरे.)

शहागंजचंच स्पेलिंग काय?

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातलं शहागंज सगळ्यांना माहीत आहे. घड्याळाचा टॉवर, चमन, शहागंज मशीद आणि भोवतीचा बाजार. पण हे नाव इंग्रजीत लिहायला घेतलं की गाडी अडते. 'शहा'नंतर 'ए' आहे की नाही? 'गंज'मध्ये 'ए' की 'यू'? एक शब्द की दोन? कागदोपत्री आणि नकाशांवर यातले बरेचसे प्रकार सापडतात. मराठीतही कोणी शहागंज लिहितं, कोणी शाहगंज.

यात चूक कोणाचीच नाही. जुन्या इंग्रजी कागदांत ऱ्हस्व 'अ' हा आवाज 'यू' अक्षराने लिहायची पद्धत होती. पंजाबच्या इंग्रजी स्पेलिंगमधला 'यू' हा त्याच पद्धतीचा अवशेष. एकोणिसाव्या शतकात विल्यम विल्सन हंटर यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत रुळली आणि त्याच आवाजासाठी 'ए' वापरायला सुरुवात झाली. जुनी पद्धत पूर्ण गेली नाही, नवी पूर्ण आली नाही. त्यामुळे 'गंज' दोन्ही प्रकारे जिवंत राहिला.

शहराच्या नव्या नावाचंही तेच. २४ फेब्रुवारी २०२३ ला केंद्राने नामांतराला मंजुरी दिली, तेव्हापासून 'छत्रपती' हा शब्द रोज इंग्रजीत लिहावा लागतो. अधिकृत स्पेलिंगमध्ये 'सी'नंतर दोन 'एच' आहेत. कारण 'च'साठी 'सी-एच' आधीच वापरला जातो, म्हणून 'छ'साठी आणखी एक 'एच'. तरीही एकाच 'एच'चं छत्रपती सर्रास दिसतं. मुलीचं नाव छाया असेल, तर हाच प्रश्न तुमच्या घरातही येणार.

शहागंजसारख्या भागात गुंता थोडा जास्त असतो, कारण इथे एकाच गल्लीत तीन लिप्या नांदतात. घरात नाव उर्दूत किंवा मराठीत ठरतं, दाखल्यावर मराठी आणि इंग्रजीत छापलं जातं आणि कॉम्प्युटर प्रामुख्याने इंग्रजी स्पेलिंग जुळवून पाहतो.

एकाच नावाची इतकी स्पेलिंगं होतात कशी?

देवनागरीत उच्चारासाठी अक्षरं भरपूर आहेत. इंग्रजीत फक्त २६. त्यामुळे भाषांतर नाही, तर तडजोड होते. ही तडजोड कुठे कुठे होते ते पाहू.

ऋ आणि ज्ञ: हे दोन मराठी नावांतले सगळ्यात मोठे वादाचे मुद्दे. मराठी माणूस ऋ चा उच्चार 'रु' करतो, हिंदी माणूस 'रि'. म्हणून आपल्याकडे ऋतुजा 'आर-यू'ने सुरू होते आणि उत्तरेत 'आर-आय'ने. अभिनेत्री मृणाल ठाकूर यांच्या स्पेलिंगमध्ये 'यू' आहे, तर बंगाली दिग्दर्शक मृणाल सेन यांच्या स्पेलिंगमध्ये 'आय'. ज्ञ चा मराठी उच्चार 'द्न्य', म्हणून ज्ञानेश्वर 'डी-एन-वाय'ने सुरू होतात. हिंदी भाषक तेच नाव 'जी-वाय'ने लिहील. दोन्ही बरोबर आहेत, फक्त भाषा वेगळ्या आहेत.

त आणि ट, द आणि ड, ल आणि ळ, न आणि ण: इंग्रजीत या जोड्यांसाठी एकेकच अक्षर. दक्षिणेत 'त'साठी 'टी-एच' वापरतात, म्हणून तिकडची गीता, लता 'टी-एच'ने लिहिली जाते. मराठीत 'टी-एच' म्हणजे 'थ'. अथर्व आणि पार्थमध्ये ते ठीक, पण लताच्या बाबतीत मराठी वाचक 'लथा' वाचेल.

शेवटचा 'अ' आणि 'आ': ही अडचण अनेकांच्या लक्षात येत नाही. आर्य आणि आर्या, काव्य आणि काव्या, कृष्ण आणि कृष्णा यांचं इंग्रजी स्पेलिंग सहसा एकच होतं. म्हणजे इंग्रजी कागदावरून मुलगा की मुलगी, कळत नाही. आणि त्या इंग्रजीवरून कोणी पुन्हा मराठीत लिहिलं, तर आर्यची आर्या होते.

व: 'व्ही' की 'डब्ल्यू'? वाघ, वानखेडे ही आडनावं 'डब्ल्यू'ने लिहायची मराठी सवय आहे, पण वैष्णवी, विराज 'व्ही'ने. नियम नाही, रूढी आहे.

ज आणि झ: उर्दू-अरबी नावांत हा प्रश्न हमखास येतो. मराठीत नुक्ता वापरत नाहीत. त्यामुळे झीनत की जीनत, अझहर की अजहर, झैनब की जैनब असे पर्याय तयार होतात. मराठीत 'ज' लिहिलं आणि त्यावरून कोणी इंग्रजी केलं, तर 'झेड'च्या जागी 'जे' येतो. शिवाय उर्दूत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा रोजच्या लिखाणात सहसा देत नाहीत. म्हणून मुहम्मद आणि मोहम्मद, फातिमा आणि फातेमा असे भेद इंग्रजीत उतरताना पडतात.

आडनावांकडे पाहिलं तर हे किती जुनं आहे ते कळतं. शिंदे हे आडनाव ग्वाल्हेरच्या राजघराण्यात 'सिंदिया' झालं. गायकवाड बडोद्याला वेगळ्या स्पेलिंगने गेले, बाकी महाराष्ट्रात वेगळ्या. ठाकरे हे आडनाव बाळासाहेबांच्या घरात इंग्रज कादंबरीकार विल्यम थॅकरे यांच्यासारखं लिहितात. भाजपचे माजी राष्ट्रीय अध्यक्ष कुशाभाऊ ठाकरे आणि काँग्रेसचे माणिकराव ठाकरे यांची स्पेलिंगं वेगळी. दीक्षित आडनावात माधुरी दीक्षित 'एक्स' लिहितात, शीला दीक्षित 'के-एस-एच' लिहायच्या. मराठीत सगळे एकच, इंग्रजीत मात्र वेगवेगळे.

ऋषिकेशचं उदाहरण: फरक पडतो तरी किती?

हृषीकेश हे मूळ संस्कृत नाव. हृषीक म्हणजे इंद्रिय, त्यांचा ईश तो हृषीकेश. गीतेत हे कृष्णाचं नाव आहे. बोलीत 'हृ' चा 'ऋ' झाला आणि ऋषिकेश रूढ झालं. आज महाराष्ट्रात दोन्ही नावं मुलांना ठेवतात. इंग्रजीत तीन ठळक प्रकार होतात:

- एच-आर-आय ने सुरू होणारं
- आर-आय ने सुरू होणारं
- आर-यू ने सुरू होणारं

माणसाला हे तिन्ही एकच वाटतात. कॉम्प्युटरला वाटत नाहीत. साध्या तपासणीत एक अक्षर वेगळं असलं तरी नाव 'जुळत नाही' असाच निकाल येतो.

उच्चारावरून नावं जुळवणाऱ्या पद्धतीही आहेत. सगळ्यात जुनी म्हणजे 'साउंडेक्स'. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. ती नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवते, स्वर गाळते आणि उरलेल्या व्यंजनांना आकडे देते. या पद्धतीने 'आर-आय' आणि 'आर-यू' अशा दोन्ही ऋषिकेशांचा कोड एकच येतो: आर-२२२. पण 'एच'ने सुरू होणाऱ्या हृषीकेशचा कोड येतो एच-६२२. म्हणजे उच्चार ओळखणारी पद्धतसुद्धा या दोघांना वेगळी माणसं समजते.

यातून एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. मधला स्वर बदलणं त्रासाचं आहे, पण पहिलं अक्षर बदलणं त्याहून जास्त त्रासाचं. यादीत नाव शोधतानाही आपण पहिल्या अक्षरावरच जातो.

आधी मराठी ठरवा, मग इंग्रजी

बरेच जण उलटं करतात. इंग्रजी स्पेलिंग 'छान दिसतं' म्हणून ठरवतात आणि मराठी खिडकीवरच्या माणसावर सोपवतात. त्याऐवजी मूळ भाषेतलं नाव आधी पक्कं करा.

मराठी लेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाने तयार केले. १९६२ मध्ये १४ नियम आले, १९७२ मध्ये आणखी ४, असे एकूण १८. त्यातला नावांसाठी कामाचा नियम असा: व्यक्तीच्या नावाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार मराठीत दीर्घ लिहायचा. म्हणून मराठीत अदिती, श्रुती, हरी, विष्णू. संस्कृत किंवा हिंदीत यातली काही ऱ्हस्व दिसतील, मराठीत दीर्घ.

मधल्या अक्षरांत मात्र मूळ शब्द पाहावा लागतो. काही नेहमीची उदाहरणं:

- सुनीता, विनीता, संगीता, गीता यांत 'ई' दीर्घ. 'सुनिता' ही सर्रास होणारी चूक.
- कविता, स्मिता, अंकिता, अर्पिता, हर्षिता यांत 'इ' ऱ्हस्व.
- पूजा, पूर्वा, ऊर्जा यांत 'ऊ' दीर्घ. ऊर्मी म्हणजे लाट, त्यावरून ऊर्मिला, पण लिहितात बरेचदा उर्मिला.
- अश्विनी आणि रोहिणी यांत मधला 'इ' ऱ्हस्व, शेवटचा दीर्घ.

शंका असेल तर मोल्सवर्थचा कोश किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडा. दोन्ही इंटरनेटवर शोधता येतात. शब्द सापडला की अर्थही कळतो आणि ऱ्हस्व-दीर्घही.

अर्थात, नाव हा शेवटी तुमचा अधिकार आहे. आइसलँडमध्ये नव्या नावांना मंजुरी देणारी समिती आहे आणि नाव तिथल्या भाषेच्या लेखनात बसावं लागतं. जपानमध्ये तर अडचण वेगळीच: एकच चिनी अक्षर अनेक प्रकारे वाचता येतं, म्हणून मे २०२५ पासून कुटुंब नोंदवहीत नावाचा उच्चारही नोंदवावा लागतो. भारतात नावांची अशी कोणतीही मंजूर यादी नाही. 'सुनिता' ठेवलंत तर कोणी अडवणार नाही. फक्त ते ठरवून ठेवा, चुकून नको.

जन्माच्या नोंदीत नाव कधी आणि कसं चढतं?

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत द्यायची असते. दवाखान्यात जन्म झाला असेल तर ती जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला असेल तर कुटुंबप्रमुखाची. नोंद झाली की पहिला दाखला मोफत मिळतो आणि सुधारित कायद्यानुसार तो सात दिवसांत द्यायचा आहे.

इथे एक गंमत आहे. बारसं बाराव्या दिवशी, अकीका सातव्या दिवशी. म्हणजे दोन्ही रीतींत नाव २१ दिवसांच्या आत ठरतं. पण दवाखाना त्याआधीच माहिती पाठवून मोकळा होऊ शकतो. मग नोंदीत बाळाच्या नावाची जागा रिकामी राहते.

रिकामी जागा ही अडचण नाही. कायद्याने नाव नंतर घालण्याची सोय आहे:

- नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव शुल्काशिवाय घालता येतं.
- त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

म्हणून स्पेलिंगबद्दल घरात एकमत नसेल, तर घाईने काहीतरी लिहून देऊ नका. आठवडाभर थांबून योग्य नाव घालणं सोपं आहे. चुकीचं नाव बदलणं अवघड आहे.

मात्र मूळ जन्मनोंदच लांबवू नका. ३० दिवस उलटले की वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. वर्ष उलटलं की जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. महाराष्ट्रात मार्च २०२५ मध्ये अशा उशिराच्या नोंदींची प्रक्रिया आणखी कडक झाली आहे.

दुरुस्ती आणि बदल, हे दोन वेगळे

'नंतर बदलून घेऊ' असं अनेक जण म्हणतात. कायद्याच्या कलम १५ मध्ये दुरुस्तीची सोय आहे, पण ती चुकीसाठी आहे. म्हणजे तुम्ही फॉर्ममध्ये एक लिहिलं आणि नोंदीत दुसरं चढलं, तर पुरावा दाखवून दुरुस्ती होते. मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहून सही आणि तारीख टाकतात.

तुम्ही स्वतःच लिहिलेलं स्पेलिंग वर्षाने आवडेनासं झालं, तर ती 'चूक' ठरत नाही. तो बदल. त्यासाठी राजपत्रात नावबदलाची जाहिरात आणि मग एकेका कागदावर ते नाव चढवत जायचं.

आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. पाच वर्षांच्या आतल्या बाळाचं निळं आधार निघतं, त्यात बोटांचे ठसे नसतात. ते पाचव्या आणि पुन्हा पंधराव्या वर्षी द्यावे लागतात. दोन्ही वेळा केंद्रावर जायचंच आहे, पण म्हणून दोनपैकी एक संधी स्पेलिंगवर खर्च करण्यात अर्थ नाही.

शाळेत हा प्रश्न आणखी जवळ येतो. विद्यार्थ्यांचा 'अपार' क्रमांक काढताना शाळेच्या नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. एक 'ए' कमी-जास्त असला तरी पालकांना हेलपाटे पडतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव छापल्यानंतर तर बदल आणखी कठीण. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या एका प्रकरणात नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग असल्याचं म्हटलं आणि प्रमाणपत्रावरचं नाव दुरुस्त किंवा बदलून घेण्याचा मार्ग मोकळा केला. पण त्यासाठी अटी आहेत, कागद आहेत, वेळ आहे. हक्क आहे म्हणजे काम सोपं आहे असं नाही.

आता आईचंही नाव: लांबीचा विचार करा

१ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने शासकीय कागदपत्रांवर आईचं नाव बंधनकारक केलं आहे. क्रम असा: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. जन्मनोंदवहीत अशी पद्धत आणण्यासाठी केंद्राशी विचारविनिमय करायचं त्याच निर्णयात म्हटलं आहे.

म्हणजे आता एका नावात चार स्पेलिंगं आली. यातली तीन आधीच ठरलेली आहेत. आईचं आणि वडिलांचं नाव त्यांच्या आधारवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर, बाळाच्या कागदावर हवं. आईच्या कागदांवर लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगळं असेल, तर कोणतं वापरायचं हे आधी ठरवा.

लांबीचाही प्रश्न आहे. पासपोर्टच्या तळाशी मशीनने वाचायच्या दोन ओळी असतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्यात नावासाठी फक्त ३९ जागा असतात. समजा नाव आहे हृषीकेश वैष्णवी ज्ञानेश्वर देशपांडे. इंग्रजीत हृषीकेशची १० अक्षरं, वैष्णवीची ९, ज्ञानेश्वरची ११, देशपांडेची ९. आडनावानंतर दोन रिकाम्या खुणा आणि मधल्या दोन नावांआधी एकेक. एकूण ४३. म्हणजे पूर्ण नाव त्या ओळीत मावत नाही, ते छाटावं लागतं. पासपोर्टवर वरच्या भागात नाव पूर्ण दिसतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण शोभेसाठी जादा अक्षरं घालण्याआधी हा हिशोब डोक्यात असू द्या. शिवाय त्या ओळींत फक्त साधी २६ अक्षरंच चालतात. अक्षरांवरच्या खुणा, टिंबं तिथे टिकत नाहीत.

अंकशास्त्रासाठी अक्षर वाढवायचं का?

अनेक घरांत हा विषय निघतोच. नावाच्या अक्षरांची बेरीज विशिष्ट यावी म्हणून एखादा 'ए' किंवा 'एच' वाढवायला सांगतात. सिनेमातली उदाहरणंही डोळ्यांसमोर असतात: रितेश देशमुख यांच्या स्पेलिंगमध्ये जादा 'आय' आहे, राजकुमार राव यांच्या नावात दोन 'एम', आयुष्मान खुरानाच्या नावात दोन 'एन', तर अजय देवगण यांच्या आडनावातून एक 'ए' गेला आहे.

कलाकाराचं पडद्यावरचं नाव कागदोपत्री नावापेक्षा वेगळं असू शकतं आणि त्यांचं स्पेलिंग लोकांना पाठ असतं. सामान्य मुलाला ते प्रत्येक खिडकीवर सांगावं लागतं. श्रद्धा असेल तर तो तुमचा निर्णय आहे. पण अक्षर वाढवायचंच असेल तर पहिल्या दाखल्यापासून वाढवा. दाखल्यावर एक, शाळेत दुसरं, इन्स्टाग्रामवर तिसरं असं करू नका. आणि फक्त हौस म्हणून वेगळं स्पेलिंग हवं असेल, तर ते सोशल मीडियावर ठेवा. तिथे कधीही बदलता येतं.

दोन पर्यायांत अडकलात? या पाच चाचण्या करा

१. फोनची चाचणी. नाव फोनवर सांगा आणि समोरच्याला लिहायला सांगा. स्पेलिंग न सांगता त्याने जे लिहिलं, ते बहुतेक लोक लिहिणार आहेत. तेच ठेवलंत तर आयुष्यभराचं समजावणं वाचतं.

२. अनोळखी माणसाची चाचणी. दोन्ही स्पेलिंगं कागदावर लिहून नाव माहीत नसलेल्या माणसाला वाचायला द्या. ज्यात उच्चार मूळ नावाच्या जवळ येईल ते चांगलं. मूल बाहेरगावी किंवा परदेशात वाढणार असेल, तर तिथल्या माणसाकडून वाचून घ्या.

३. परतीची चाचणी. इंग्रजी स्पेलिंगवरून पुन्हा मराठीत किंवा उर्दूत लिहून पाहा. आर्यची आर्या, झैनबची जैनब होते का? होत असेल तर दोन्ही लिप्यांतली नावं प्रत्येक फॉर्मवर स्वतः लिहायची सवय ठेवा. आधार केंद्रावर सॉफ्टवेअर इंग्रजीवरून मराठी नाव आपोआप तयार करतं, ते तसंच सोडू नका.

४. घरातली चाचणी. भावंडाचं आडनाव कसं लिहिलं आहे? शेख हे आडनाव इंग्रजीत निदान तीन-चार प्रकारे लिहितात. एकाच घरात वडिलांचं एक आणि मुलाचं दुसरं असेल, तर नातं सिद्ध करताना कागद वाढतात. नवं, 'सुधारलेलं' स्पेलिंग बाळापासून सुरू करण्यापेक्षा वडिलांचं चालू ठेवणं सोयीचं.

५. पूर्ण नावाची चाचणी. मोहम्मदचं 'एम-डी' किंवा 'एम-ओ-एच-डी' असं संक्षिप्त रूप, आद्याक्षरं, टिंबं, आडव्या रेघा दाखल्यावर टाळा. एका कागदावर संक्षेप आणि दुसऱ्यावर पूर्ण नाव, ही नाव न जुळण्याची नेहमीची तक्रार आहे.

फॉर्म भरण्याच्या दिवशी

- नाव मराठीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहा. आई-वडील दोघांनी वाचा. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.
- तोंडी सांगू नका, कागद दाखवा. 'बी' आणि 'डी', 'एम' आणि 'एन' ऐकताना चुकतात.
- आई-वडिलांच्या आधारची प्रत सोबत ठेवा आणि त्यावरूनच त्यांची नावं लिहा, आठवणीवरून नाही.
- भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा. पुढे नोंदीत चूक झाली, तर तुम्ही काय लिहिलं होतं याचा हाच पुरावा.
- दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. बाळाचं नाव, दोन्ही पालकांची नावं, तारीख, जन्मस्थळ, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. चूक असेल तर त्याच दिवशी अर्ज द्या.
- दाखला तपासून झाल्याशिवाय आधार काढायला जाऊ नका. नाहीतर एकच चूक दोन ठिकाणी दुरुस्त करावी लागते.

मग बरोबर स्पेलिंग कोणतं?

शहागंज दोन-तीन प्रकारे लिहिलं तरी रिक्षावाला तुम्हाला बरोबर घड्याळापाशीच सोडतो. जागेला तेवढं चालतं, कारण ती कुठे जात नाही. मूल मात्र शाळा बदलतं, शहर बदलतं, कदाचित देशही बदलतं आणि प्रत्येक ठिकाणी कागदावरच्या नावानेच ओळखलं जातं.

म्हणून 'शुद्ध' स्पेलिंगच्या शोधात फार अडकू नका. इंग्रजीत मराठी किंवा उर्दू नावाचं एकमेव बरोबर स्पेलिंग बहुतेक वेळा नसतंच. मूळ भाषेत नाव शुद्ध ठेवा, इंग्रजीत वाचायला सोपं ठेवा आणि एकदा लिहिलं की सगळीकडे तेच ठेवा. ज्ञानेश्वर 'डी'ने लिहा किंवा 'जी'ने, दाखला, आधार, शाळा आणि पासपोर्ट या चारही ठिकाणी तो एकच असला म्हणजे झालं.